शब्दावर लावलेली कलमं

कातळावर हापूस लावायचा तर आधी दगडाशी भांडावं लागतं. सुरुंग लावून खड्डा फोडायचा, दुसरीकडून माती आणून तो भरायचा, शेणखत घालायचं आणि मग कलम लावायचं. दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी शंभर कलमं बसतात. पहिले दोन-तीन उन्हाळे झाडाच्या मुळाशी पाणी नेऊन ओतायचं, गुरं शिरू नयेत म्हणून गडगा घालायचा, वानरांना हाकलायचं. एवढं करून फळ हाताला लागेल असं यायला आठ-दहा वर्षं जातात. तिशीत लावलेली बाग चाळिशीत पैसे देऊ लागते. तोवर ती फक्त घेतच असते.

रत्नागिरी जिल्ह्यात अशा कितीतरी बागा लावणाऱ्याच्या एकट्याच्या नावावर नसलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. मग माणूस दहा वर्षं कुठल्या भरवशावर राबतो? बहुतेक वेळा एका वाक्याच्या. गणपतीला मुंबईहून आलेले थोरले काका पडवीत बसलेले असतात. गावात राहिलेला पुतण्या विषय काढतो, वरच्या अंगाला पड आहे तिथे कलमं लावावीत म्हणतो. काका सुपारी कातरत म्हणतात, “लाव की. आम्ही कशाला येतोय आता इथे?”

या वाक्यात काकांनी नेमकं काय दिलं? ‘जमीन तुझी’ असं ते म्हणालेले नाहीत. ‘माझा हिस्सा सोडला’ असंही नाही. आपण येणार नाही एवढंच म्हणाले, तेही प्रश्नाच्या रूपात. पडवीतल्या प्रत्येकाला मात्र अर्थ कळला. काकी आत चहा टाकायला गेल्या त्यासुद्धा तो कळूनच. पुढे वीस-पंचवीस वर्षं कुणी काही बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलेलंच नसतं. मग काका वारतात, वारस नोंद होते आणि ठाण्यात किंवा विरारला वाढलेला चुलतभाऊ मोबाइलवर सातबारा उघडून बघतो. त्यात आपलं नाव आहे. वडिलांचा हिस्सा आठ आणे होता, तोही आहे. कातळाच्या जागी आता बाग आहे, एवढाच काय तो फरक.

हे चित्र कुणा एका घराचं नाही. पण ज्याचं गावी घर आहे त्याला ते परकंही वाटणार नाही. या प्रकरणात आपण पाहणार आहोत ते पडवीतल्या त्या वाक्याचं कोर्टात पोचल्यावर काय होतं.

वाक्याची परीक्षा कोकणातच जास्त का होते, याला कारणं आहेत. एक म्हणजे मुंबई. दीडशे वर्षं इथल्या घरांनी एक भाऊ गिरणीत किंवा कचेरीत पाठवला आणि एक खाचरात ठेवला. मनीऑर्डर तिकडून आली, तांदूळ आणि आंबा इकडून गेला. वाटणीची गरज पडली नाही, कारण दोघांनाही एकमेकांचं उत्पन्न लागत होतं. दुसरं कारण खोतीचं. रत्नागिरीच्या बहुतेक गावांत सरकार आणि कसणारा यांच्या मधे खोत होता, आणि खोताच्या घरातही हिस्से आण्या-पैत मोजले जात. जमिनीच्या तुकड्यावर बोट ठेवून ‘हा माझा’ म्हणण्यापेक्षा ‘माझा चार आणे’ म्हणणं इथे अंगवळणी पडलं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, १९४९च्या कायद्याने खोती गेली. पण सातबारावरचे आणे राहिले. आजही कुणाच्या उताऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात. त्यातली निम्मी माणसं हयात नसतात आणि उरलेल्यांतली निम्मी एकमेकांना ओळखत नाहीत.

तरीही मोकळ्या कातळासाठी कुणी भांडत नव्हतं. भांडणं सुरू झाली ती कातळ हिरवा झाल्यावर. १९९०च्या सुमाराला राज्याने रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला अनुदान द्यायला सुरुवात केली आणि वरकस जमिनींवर आंबा-काजू चढला. मग कोकण रेल्वे आली, मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आलं. भूसंपादनाचा मोबदला उताऱ्यावरच्या नावांना मिळतो, आणि झाडांचं मूल्यांकन जमिनीहून वेगळं होतं. झाडांचे पैसे कुणाचे, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा उघड विचारला गेला. पडवीत तो कुणी विचारला नव्हता.

आता जरा लांब जाऊ, इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात. तिथे एक अबोल शेतकरी होता. त्याच्या चुलतभावाचा मुलगा १९७६ पासून त्याच्या शेतावर राबू लागला, पगाराचा एक पैसाही न घेता, आणि जवळजवळ तीस वर्षं राबला. शेत तुला देईन असं म्हातारा स्पष्ट कधीच म्हणाला नाही. दोघेही मितभाषी, बोलायचे ते गुरांवर आणि हवामानावर. १९९० साली म्हाताऱ्याने आपल्या आयुर्विम्याचा एक कागद त्याच्या हातात ठेवला आणि हा माझ्या मृत्यूनंतरच्या करासाठी, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. मुलाने त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं आणि राबत राहिला. १९९७ साली म्हाताऱ्याने त्याच्या नावाने मृत्युपत्र केलंही. पण त्यात काही देऊ केलेल्या दुसऱ्याच कुणाशी बिनसल्यावर ते रद्द करून टाकलं. २००५ साली तो मृत्युपत्राविना गेला आणि शेत कायद्याने जवळच्या वारसांकडे निघालं.

हा ‘थॉर्नर विरुद्ध मेजर’ खटला. मार्च २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने शेत राबणाऱ्याला दिलं. न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा आशय असा, की वचन किती स्पष्ट हवं हे ते कुठल्या माणसांत दिलं गेलं यावरून ठरतं. दोन अबोल शेतकऱ्यांमधलं सूचक बोलणं दोन वकिलांच्या पत्रव्यवहाराच्या मापाने मोजता येणार नाही. मला हा निकाल वाचताना नेहमी ती पडवी दिसते. काकांची सुपारी आणि म्हाताऱ्याचा विम्याचा कागद यांत फारसं अंतर नाही.

तिथल्या कायद्यात या तत्त्वाचे तीन पाय आहेत. मालकाने भरवसा दिला, दुसऱ्याने त्यावर विसंबून वागणूक ठेवली, आणि त्यापायी त्याचं नुकसान झालं, हे तिन्ही दाखवता आलं तर मालकाला शब्द फिरवू दिला जात नाही. किती द्यायचं हा पुढचा वाद. २०२२च्या ‘गेस्ट विरुद्ध गेस्ट’ खटल्यात मुलगा १९८२ पासून तीसेक वर्षं अपुऱ्या मजुरीवर बापाच्या दुग्धशाळेत राबला होता. मग बिनसलं आणि बापाने त्याला मृत्युपत्रातून काढलं. मुलाचा हक्क ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. पण वचन होतं ते आई-बाप गेल्यावर मिळण्याचं. म्हणून न्यायालयाने आई-बापांपुढे दोन वाटा ठेवल्या. एक तर आपल्या हयातीनंतर त्याला मिळेल अशी कायदेशीर व्यवस्था आज करा, नाहीतर आत्ताच पैसे द्या, पण लवकर मिळतात म्हणून कमी करून. मला त्यातला व्यवहारीपणा आवडतो. दोन्ही पक्ष त्यावर खूश झाले असतील असं मात्र वाटत नाही.

मग रत्नागिरीच्या दिवाणी न्यायालयात वकिलाने हेच निकाल पुढे केले तर? वाचून दाखवता येतील. भागणार नाही.

याचं मूळ ब्रिटिश काळातच आहे. इंग्रजांनी आपल्या घरी न्यायाधीशांच्या न्यायबुद्धीतून हे तत्त्व वाढवलं, आणि इकडे मात्र जमिनीच्या व्यवहारांसाठी आधीच कडक कायदे लिहून ठेवले. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. बक्षीस द्यायचं तर नोंदणीही हवी आणि दोन साक्षीदारही, मग किंमत काहीही असो. १८७२चा करार कायदा तर त्याहून मजेदार आहे. मोबदल्याशिवाय दिलेलं वचन तो मानत नाही. अपवाद म्हणून जवळच्या नात्यात निसर्गतः असलेल्या प्रेमापोटी दिलेलं वचन चालतं, पण तेही लेखी आणि नोंदवलेलं हवं. प्रेमाचीसुद्धा नोंदणी! आणि नोंदवून भागतंच असं नाही. १९००च्या एका कलकत्त्याच्या खटल्यात नवऱ्याने बायकोला वेगळं राहण्याचा खर्च देण्याचा नोंदणीकृत करार केला होता. करारातच दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता, तेव्हा यात प्रेम कुठे दिसतं, असं म्हणून न्यायालयाने तो मोडीत काढला.

पडवीतल्या वाक्याला खरा अडसर घातला तो १९३१ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने. ‘आरिफ विरुद्ध जदुनाथ मजुमदार’ हा तो खटला. कलकत्त्यातल्या जागेच्या कायम भाडेपट्ट्याचा तोंडी करार झाला होता, भाडेकरूने त्या भरवशावर बांधकाम केलं, पण दस्त काही झाला नाही आणि दस्त करून मागायची मुदतही उलटली. मग मालकाने जागा मागितली. इंग्लंडात चालणारं न्यायबुद्धीचं तत्त्व इथे लावा, असा भाडेकरूचा आग्रह. प्रिव्ही कौन्सिलने नकार दिला. विधिमंडळाने दस्त नोंदवलाच पाहिजे असं सांगितलं असताना न्यायबुद्धीच्या नावाने तो नियम गुंडाळून ठेवता येणार नाही, असं त्यांचं मत पडलं. हस्तांतरण कायद्यात नुकतंच ‘५३ अ’ हे कलम घातलं गेलं होतं. ताबा घेऊन कराराप्रमाणे वागलेल्या माणसाला ते ढालीसारखं उपयोगी पडतं, पण त्यालाही मोबदल्याचा लेखी करार लागतो, आणि २००१च्या दुरुस्तीनंतर तो नोंदवलेलाही लागतो. काकांच्या सुपारीला हे कुठून लागू व्हायचं?

इथे एक विसंगती मला गंमतीची वाटते. रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या पिढ्यान् पिढ्या जिथे उतरल्या ती मुंबईची क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, स्वतःच एका अशाच अर्धवट शब्दावर उभी आहे. १८६५ साली सरकारने नगरपालिकेला जुना बाजार हलवायला सांगितला, नवी जागा दिली आणि भाडं घेण्याचं कारण नाही असा ठराव केला. कायद्याला हवा तसा रीतसर दस्त झाला नाही. पालिकेने सतराएक लाख रुपये घालून मंडई बांधली. १९४०च्या सुमाराला सरकारने जागेवर आकारणी मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५१ साली निकाल पालिकेच्या बाजूने लागला. बहुमताने सांगितलं की दान सदोष असलं तरी पालिकेने साठ वर्षांहून जास्त काळ ती जागा बिनभाड्याची म्हणून उघडपणे बाळगली, तेव्हा तसा हक्क तिला प्रतिकूल कब्जाने मिळाला. एका न्यायमूर्तींनी तर सरकारने दिलेल्या भरवशावरही जोर दिला. म्हणजे सरकारचा शब्द, पालिकेचा खर्च आणि उलटलेला काळ, सगळं मोजलं गेलं. मग पुतण्याचीही वीस-पंचवीस वर्षं मोजा की!

मोजत नाहीत. कारण पालिका सरकारच्या जागेवर परकी होती आणि पुतण्या घरचा आहे. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा तो सगळ्यांचा ताबा, हा आपल्या कायद्याचा जुना नियम. गावात राहणारा भाऊ जमीन कसतो तेव्हा मुंबईच्या भावासाठीही ताबा सांभाळतो, असं कायदा धरून चालतो. प्रतिकूल कब्जाची बारा वर्षं सुरू व्हायला हवीत तर त्याने दुसऱ्याचा हक्क उघड नाकारून, त्याला कळेल असा, ताबा ठेवलेला हवा. गेल्या शतकाच्या पन्नाशीत सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं आणि आजवर ते बदललेलं नाही. म्हणजे दर मे महिन्यात काकांना आंब्याच्या दोन पेट्या पाठवणाऱ्या पुतण्याने आपल्याच हाताने आपला दावा बुडवला. पेट्या पाठवल्या नसत्या, गणपतीला दार लावून घेतलं असतं, तर निदान मुद्दा तरी उभा राहिला असता.

कूळकायद्यातही हीच गंमत आहे. १९४८च्या कायद्याने दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्याला कूळ मानलं आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळांना मालक केलं. रत्नागिरीत हा कायदा माहीत नसलेलं घर सापडणार नाही. कुणाची गेली, कुणाला मिळाली. पण गृहीत कूळ ठरायला एक अट आहे. कसणारा मालकाच्या कुटुंबातला नसावा. शेजारच्या वाडीतला माणूस कसत होता तर तो मालक झाला. सख्खा भाऊ कसत होता तर तो भाऊच राहिला. त्यामागचं तर्कशास्त्र मला कळतं. घरच्यांना कूळ मानलं असतं तर प्रत्येक एकत्र कुटुंबात महाभारत झालं असतं. तरी कातळ फोडणाऱ्या हातांकडे पाहिलं की तो तर्क थोडा कोरडा वाटतो.

तर शब्दाला कोर्टात स्वतःच्या नावाने जाता येत नाही. त्याला दुसऱ्याचा अंगरखा चढवावा लागतो. ‘काका देईन म्हणाले होते’ हे वाक्य वकिलाच्या कचेरीतून बाहेर पडतं तेव्हा ते ‘काकांनी अमुक साली तोंडी वाटणी करून दिली होती’ असं झालेलं असतं. खोटं म्हणावं तर पूर्ण खोटं नाही, पण खरंही राहिलेलं नाही. देणं हे पुढे होणार होतं आणि वाटणी ही झालेली असावी लागते. दावा टिकेल की पडेल हे पुष्कळदा या काळाच्या फरकावर ठरतं.

अंगरखा निवडण्यालाही कारण आहे. एकत्र कुटुंबाची वाटणी तोंडी होऊ शकते, हे हिंदू कायद्यात जुनंच आहे. शिवाय १९७६ साली ‘काले’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक व्यवस्थेला मोठं बळ दिलं. उत्तर प्रदेशातल्या त्या प्रकरणात आजोबांच्या जमिनीवरून नातू आणि मावश्या यांच्यात तडजोड झाली होती आणि तिची महसुली नोंदही झाली होती. पुढे मावश्यांच्या बाजूने ती नाकारली गेली. न्यायालयाने सांगितलं की घरातला वाद मिटवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेली व्यवस्था तोंडी असली तरी चालते. आधी ठरलेलं नुसतं आठवणीसाठी नंतर लिहून ठेवलं तर त्या कागदाला नोंदणी लागत नाही, आणि तडजोडीचा फायदा घेतलेल्याला ती मागाहून नाकारता येत नाही. मेख ‘आठवणीसाठी’ या शब्दात आहे. ‘आम्ही वाटणी केलेली होती’ असं लिहिलेला कागद चालतो आणि ‘आम्ही याद्वारे वाटणी करीत आहोत’ असं लिहिलेला नोंदणीवाचून अडकतो. घरातल्या कुणीतरी वहीच्या पानावर उत्साहाने लिहिलेलं क्रियापद तीस वर्षांनी तीन न्यायालयं तपासतात.

या वाटेवरही २०२० साली मोठा गतिरोधक आला. मुलींच्या हक्काचा. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ती वगळणूक गेली आणि ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालाने वडील २००५ साली हयात होते की नव्हते हा वादही संपवला. त्याच निकालात न्यायालय म्हणालं की तोंडी वाटणीचा बचाव सहज मानू नये, कारण मुलींचा हिस्सा बुडवायला तो फार सोयीचा आहे. अपवाद म्हणून मानायचा तर सरकारी कागदांचा भक्कम आधार हवा. माझ्या मते हे योग्यच झालं. गावातल्या भावाला दिलेल्या कितीतरी शब्दांत बहिणीचा हिस्साही परस्पर वाटलेला असतो. पडवीतल्या त्या बैठकीत आत्या होती का? असली तरी तिला कुणी विचारलं होतं का? बहिणी हक्कसोडपत्रावर सही करत आल्या ते माहेरपण टिकावं म्हणून, आणि आता त्यांच्या मुली तो हिशेब नव्याने मांडताहेत. राबणाऱ्याचा शब्द आणि बहिणीचा हक्क समोरासमोर आले की कायदा बहिणीकडे झुकतो. राबणाऱ्यावर अन्याय होत असेलही, पण तो शब्द देणाऱ्याने आधी केलेला असतो.

मग लोक फेरफाराकडे वळतात. ‘तलाठ्याकडे नोंद आहे ना?’ हा पहिला प्रश्न. नोंद मोलाची आहे, खोटी ठरेपर्यंत ती खरी धरली जाते. पण फेरफाराने मालकी मिळत नाही, महसूल कुणाकडून घ्यायचा एवढंच ठरतं, असं सर्वोच्च न्यायालय पुन्हा पुन्हा सांगत आलंय. पीकपाहणीत नाव लागलं की शेत आपलं झालं, ही समजूत तर ई-पीक पाहणीच्या मोबाइल ॲपनंतरही कायम आहे. त्या नोंदीतून कोण कसत होता हे दिसतं. तो कुणाच्या वतीने कसत होता हे काही तिथे लिहिलेलं नसतं.

वडीलधारी माणसं एक कागद करून का टाकत नाहीत? आळस हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं भीतीचं आहे आणि तिला आपल्याकडे म्हणही आहे. ताट द्यावं, पण पाट देऊ नये. जिवंतपणी सगळं लिहून दिलं आणि सुनेने दुसऱ्या दिवशी चहा विचारला नाही तर? या भीतीवर कायद्याने औषध काढलंय. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यातलं कलम २३ म्हणतं, सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध झाली पाहिजे असं म्हटलं, आणि जानेवारी २०२५च्या एका निकालात हे कलम म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे वाचलं. शहाण्याने अट बक्षीसपत्रातच लिहावी. त्या कागदात दोन्ही बाजूंचे शब्द येतात, देणाऱ्याचाही आणि सांभाळणाऱ्याचाही.

खर्चाची सबबही आता फारशी उरलेली नाही. मुलगा, मुलगी, नातू, नात यांना शेतजमीन बक्षीस द्यायची तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि फी वेगळी. पुतण्या मात्र या सवलतीत बसत नाही, हे पडवीतल्या काकांना कुणीतरी सांगायला हवं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक १०० रुपये, आणि त्याची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला. सगळे सहमत असतील तर तहसीलदारांपुढे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं. मृत्युपत्राला तर नोंदणीची सक्तीच नाही, दोन साक्षीदार पुरतात. पण काकांनी ते केलं तरी मरेपर्यंत कितीदाही बदलू शकतात, सॉमरसेटच्या म्हाताऱ्यासारखं. ‘सगळे सहमत’ हे दोन शब्द जड आहेत, हे मलाही माहीत आहे. चाळीस नावांपैकी दोघं कॅनडात, एक बेपत्ता आणि एकाला फक्त नाही म्हणायचं असतं.

म्हणून शेवटी बहुतेक गाड्या येऊन थांबतात त्या वाटपाच्या दाव्यावर. बरेचदा तो मुंबईकरच घालतो. न्यायालय आधी कुणाचा किती हिस्सा हे ठरवतं, मग प्रत्यक्ष सरस-निरस वाटपासाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदार, भूमी अभिलेखची मोजणी, नकाशे, हरकती. यात दहा वर्षं गेली तर कुणी आश्चर्य करत नाही. एव्हाना बाग लावणारा साठीला आलेला असतो.

पण पुतण्याला काही मिळणारच असेल तर तेही इथेच. वाटप करताना न्यायालय केवळ क्षेत्र मोजत नाही. एखाद्या हिस्सेदाराने आपल्या खर्चाने आणि इतरांच्या डोळ्यांदेखत जमीन सुधारली असेल, तर शक्य तोवर तोच भाग त्याच्या वाट्याला घालायचा, किंवा किमतीत त्याचा विचार करायचा, हे वाटपाच्या न्यायबुद्धीत बसतं. काकांचा आठ आणे हिस्सा यामुळे बुडत नाही. तो दुसऱ्या तुकड्यातून, नाहीतर पैशातून भागवला जातो. सॉमरसेटमध्ये राबणाऱ्याला अख्खं शेत मिळालं. रत्नागिरीत त्याला फार तर आपल्या हिश्शात आपली झाडं मिळतील. प्रश्न भावाभावांत असेल आणि बाप मृत्युपत्राविना गेला असेल, तर आणखी एक दार आहे. एखादा वारस आपला हिस्सा विकू लागला तर बरोबरीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २२ देतं, आणि ते शेतजमिनीलाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलं. विकत घ्यायला पैसे मात्र लागतात.

या टप्प्यावर पुराव्याला किंमत येते, आणि तो अनपेक्षित ठिकाणी सापडतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतली कलमांची पावती. सुरुंगवाल्याला दिलेल्या पैशांची वहीतली नोंद. वीजपंपाची जोडणी. आणि ट्रंकेच्या तळाशी फळबाग योजनेच्या अर्जाची पिवळी पडलेली प्रत. सामाईक जमिनीवर अनुदान घ्यायचं तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागायचं, म्हणून पुतण्याने ते त्या वर्षी गणपतीत काकांपुढे धरलं होतं. जमीन लिहून द्या म्हटलं असतं तर काकांनी विषय बदलला असता. हा सरकारी कागद होता, कलमं फुकट मिळणार होती, आरतीची वेळ झाली होती. त्यांनी चष्मा न लावताच खाली सही केली. वर छापील मजकूर आहे, की अमुक गट नंबरात अर्जदार स्वखर्चाने व स्वकष्टाने आंबा लागवड करीत असून त्यास आमची कोणतीही हरकत नाही.

काकांच्या मुलाला कोर्टात ती सही दाखवतात तेव्हा तो ती ओळखतो.